माहिती कशी शोधायची हे शिकवायचंय? चार शनिवारांची सेमिनार मालिका अशी आखा

आधी मी काय घोळ घातला ते सांगते, म्हणजे तुमचा तेवढा तरी वाचेल. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाचा मुहूर्त साधून, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घातला आणि लगेच "ई-संसाधने कार्यशाळा" घेतली. हॉलमध्ये शंभरावर पोरं, माझ्या स्लाइड्स बेचाळीस, प्रत्येक स्लाइडवर एक वेबसाइट. शोधगंगा, एन-लिस्ट, नॅशनल डिजिटल लायब्ररी, हे क्लिक करा, ते क्लिक करा. मधे लाइट गेली, आली, नेट गेलं ते आलंच नाही, तरी मी स्क्रीनशॉट दाखवून रेटलं. फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी "उत्कृष्ट" लिहिलं, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाइलला जिओटॅग फोटो लागले, मी खूश. आठ दिवसांनी त्याच कार्यशाळेतली एक मुलगी काउंटरवर आली आणि म्हणाली, "मॅडम, प्रोजेक्टसाठी गूगलवर काय टाकू?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिला बेचाळीस दुकानांचे पत्ते दिले होते, पण काय घ्यायला निघालीय ते विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी हा प्रकार पूर्ण बदलला. आता चार शनिवार, दर वेळी दीड तास, जास्तीत जास्त चोवीस मुलं, आणि चारही शनिवार एकच विषय. खाली जे लिहिलंय ते असं चार-पाच वेळा करून, चुकून, दुरुस्त करून झालेलं आहे. तुम्ही ग्रंथपाल असा, प्राध्यापक असा किंवा गावातलं वाचनालय चालवत असा, थोडाफार फेरफार करून कुठंही चालेल.

तारखा धरायच्या आधी

पहिलं काम म्हणजे प्रोजेक्ट गाइड करणाऱ्या दोन-तीन प्राध्यापकांना गाठून चहा पाजणे, मस्करी नाही, कारण नवीन शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट सगळ्यांच्याच मागे लागलंय आणि मुलांना माहिती शोधायची खरी गरज त्याच वेळी पडते. त्यांना एवढंच विचारायचं की मागच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकलं. मला मिळालेली उत्तरं साधारण अशी होती: विषयच भलामोठा, संदर्भ म्हणून नुसतं "गूगल" लिहिलेलं, आणि तीन जणांच्या रिपोर्टमध्ये तोच परिच्छेद, स्पेलिंगच्या चुकांसकट. ह्या तीन तक्रारी म्हणजे तुमचा सिलॅबस. आमच्या क्षेत्रात इन्फर्मेशन लिटरसीच्या, म्हणजे माहिती शोधून, पारखून वापरता येण्याच्या, व्याख्या आणि मॉडेल ढिगानं आहेत, पॉल झुरकोव्स्की यांनी तो शब्द १९७४ मध्ये वापरला तेव्हापासून भरच पडतेय, ते सगळं तुम्ही वाचा, पण मुलांना पहिल्या दिवशी सांगू नका.

वेळ निवडताना कॅलेंडर समोर ठेवा. गणपती, युवक महोत्सव, एनएसएसचा कॅम्प, इंटर्नल परीक्षा हे सगळं वगळलं की वर्षातनं दोनच फटी राहतात. प्रोजेक्टचे विषय वाटून झाल्यावर पंधरा दिवसांत सुरू करा. आधी केलं तर मुलांना गरज वाटत नाही, उशीर झाला तर त्यांनी कुठून तरी कॉपी मारलेली असते.

चोवीसच मुलं का, तर आमच्या लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर बारा आहेत आणि एका कॉम्प्युटरवर दोघं बसले की बोलत बोलत शोधतात. तिघं बसले की एक जण मोबाइल बघतो. तुमच्याकडे सहाच चालू असतील तर बारा मुलं घ्या आणि मालिका दोनदा करा. प्राचार्य म्हणतील संख्या कमी दिसते. दिसू द्या.

चारही दिवसांसाठी एकच विषय

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. प्रत्येक सेशनला वेगळं उदाहरण घेतलं तर मुलांना फक्त युक्त्या दिसतात, शोध दिसत नाही. एकच विषय शेवटपर्यंत ओढायचा आणि तो असा हवा की ज्याच्याबद्दल घरात कोणाला तरी काहीतरी माहीत आहे, ज्याच्यावर सरकारी कागद आहेत, आणि जो गूगलच्या पहिल्या पानावर संपत नाही.

आमच्याकडे मी घेते तो विषय म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. मराठवाड्यात अजूनही वयस्कर माणूस "बहात्तर" एवढंच म्हणतो, पुढचा शब्द लावावा लागत नाही. खडी फोडली, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाल्ली, सुकडी (दुष्काळी कामावर मिळायचं कोरडं खाणं) खाल्ली हे प्रत्येक घरात ऐकलेलं असतं. तुमच्याकडे कोकणात असाल तर मुंबईला गेलेले गिरणी कामगार घ्या, कोल्हापूर-सांगलीकडे असाल तर सहकारी साखर कारखाना किंवा पूर घ्या, चंद्रपूरला जंगल. मालिका तीच राहते.

पहिला शनिवार: कॉम्प्युटर बंद

पहिल्या दिवशी लॅबमध्ये जायचंच नाही. वर्गात बसायचं, कागद आणि पेन. मुलं हिरमुसतात, असू दे.

सुरुवातीला दहा मिनिटं एक छोटी चाचणी: "१९७२ च्या दुष्काळाबद्दल प्रोजेक्ट करायचाय, तुम्ही पहिल्या तासात काय काय कराल ते लिहा." नाव लिहायला लावा आणि कागद गोळा करून कपाटात ठेवा, शेवटच्या दिवशी लागणार आहेत. बहुतेक जण लिहितात "गूगल करीन, यूट्यूब बघीन, चॅटजीपीटीला विचारीन, लायब्ररीत जाईन". शेवटचं मला बरं वाटावं म्हणून.

मग विषयाचा प्रश्न करायचा. "१९७२ चा दुष्काळ" हा विषय आहे, ह्याचं उत्तर काय येणार? फळ्यावर मी दर वेळी एकच वाक्य लिहिते, "काय हातात आलं की माझं काम झालं असं मी म्हणेन?" ज्याला हे सांगता येत नाही त्याचा प्रश्न अजून तयार नाही. मुलं जोडीजोडीनं प्रश्न लिहितात, शेजारच्या जोडीला देतात, आणि ती जोडी त्यावर फक्त तीन गोष्टी विचारते: कुठला? कधीचा? कोणाचा? एका जोडीचं उदाहरण सांगते. सुरुवात झाली "दुष्काळाचे परिणाम" इथून. कुठला, म्हटल्यावर "आपल्या तालुक्यातला". कधीचा, म्हटल्यावर जरा गडबड झाली, कारण आजोबा म्हणतात बहात्तर, पण पावसानं त्याच्या आधीच दगा द्यायला सुरुवात केली होती आणि कामं त्र्याहत्तरमध्येही चालूच होती. कोणाचा, म्हटल्यावर पोरगी म्हणाली "बायकांचा, आमची आजी खडीला जायची". आणि प्रश्न झाला, "१९७२-७३ मध्ये आमच्या तालुक्यातल्या दुष्काळी कामांवर बायका किती होत्या आणि त्यांना मजुरी काय मिळायची?" आता हा प्रश्न शोधता येतो. उत्तर मिळेलच असं नाही, पण शोधता येतो.

ह्याला चाळीस मिनिटं सहज जातात, जाऊ द्या. बाकी वेळात शोध डायरी समजवायची. साधी शंभर पानी वही, पाच रकाने: तारीख, कुठं शोधलं, नेमके कोणते शब्द टाकले, काय मिळालं, आता पुढं काय. "काहीच मिळालं नाही" हीसुद्धा नोंदच आहे आणि तिलाही मार्क आहेत, हे मोठ्यानं सांगा, नाहीतर मुलं फक्त यश लिहितात आणि मग तुम्हाला ती कुठं अडली ते कळत नाही.

घरचा अभ्यास: घरातल्या किंवा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाशी बोलून यायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारून. वर्ष विचारू नका, वर्षं आठवत नाहीत, "तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का, थोरला पोरगा रांगत होता का चालत होता" असं विचारा आणि वर्ष तुम्ही काढा. आणि त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून आणा. हे शब्द पुढच्या शनिवारी लागतात.

दुसरा शनिवार: शब्द

हा माझा आवडता आणि इथंच वेळ कमी पडतो, म्हणून दोन तास धरून ठेवा.

इंग्रजीत सर्च शिकवणारं मटेरियल भरपूर आहे, तेच मराठीत भाषांतर करून शिकवलं तर निम्मं चालत नाही. कारण आपली भाषा शब्दाला प्रत्यय लावते आणि लावताना शब्दच बदलते. "पाऊस" शोधलं तर "पावसाचा" सापडेलच असं नाही. गूगल थोडंफार सांभाळून घेतं, पण लायब्ररीचा ओपॅक (पुस्तकांची कॉम्प्युटरवरची यादी) किंवा पीडीएफमधलं कंट्रोल-एफ अजिबात घेत नाही. पाणी आणि पाण्याची, विहीर आणि विहिरी, मजूर आणि मजुरांना, प्रत्येक ठिकाणी मधलं अक्षर बदलतंय. म्हणून मुलांकडून प्रत्येक शब्दाची दोन रूपं लिहून घ्यायची, सरळ आणि सामान्य रूप, "मजूर" आणि "मजुरां", आणि दोन्ही टाकून बघायची. शाळेत सामान्य रूपाचा कंटाळा आलेल्या पोरांना त्याचा उपयोग पहिल्यांदा इथं कळतो.

मग स्पेलिंग. डिजिटल आणि डिजीटल, गॅझेटिअर आणि गॅझेटियर. आणि वर्ष मराठी आकड्यांत एकदा, इंग्रजी आकड्यांत एकदा, दोन्ही.

ह्यापेक्षा मोठी भानगड म्हणजे शब्दच काळानुसार बदललेले असतात. फळ्यावर मधोमध "दुष्काळ" लिहा आणि मुलांनी घरून आणलेले शब्द भोवती लिहीत जा. आमच्या फळ्यावर येतात ते असे: अवर्षण, टंचाई, खडी केंद्र, पाझर तलाव, बंडिंग (शेताला बांध घालायचं काम), सुकडी, मिलो, आणेवारी. मग त्यात तुम्ही भर घालायची. आणेवारीला आता पैसेवारी म्हणतात, पिकाचा अंदाज आण्यांत काढायचे ते पैशांत काढायला लागले, म्हणजे जुना कागद हवा तर जुना शब्द टाका. आणि इंग्रजी सरकारी कागदांत दुष्काळासाठी "फेमिन" हा शब्द टाकून बसलात तर फारसं हाती लागणार नाही, कारण १९६३ मध्ये महाराष्ट्रानं चक्क कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून "फेमिन" हा शब्द काढून टाकला. त्यानंतर सरकारी भाषेत असते ती "स्कॅर्सिटी", आपली टंचाई. हे सांगितलं की वर्गात एक क्षण शांतता होते आणि मग कोणीतरी म्हणतं, "म्हणजे दुष्काळ कायद्यानं बंद केला?" छान प्रश्न आहे, त्यावर पाच मिनिटं घालवा.

तिसरी भानगड गावांच्या नावांची, आणि आमच्या जिल्ह्यात तर ही फारच आहे. एका मुलानं १९७१ च्या जनगणनेत लातूर जिल्हा शोधण्यात पूर्ण तास घालवला आणि डायरीत लिहिलं, "लातूर जिल्ह्याची माहिती सरकारने ठेवलेली नाही". अरे बाबा, लातूर जिल्हाच १९८२ मध्ये झाला! त्याआधीचं सगळं उस्मानाबादखाली बघायचं. आणि आता उस्मानाबादचं धाराशिव झालंय, म्हणजे नवीन बातमीसाठी एक नाव, जुन्या कागदासाठी दुसरं. बाजूचं उदगीर घ्या, १९५१ च्या जनगणनेत ते हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात, १९६१ आणि १९७१ ला उस्मानाबादेत, त्यानंतर लातुरात. माणूस जागचा हलला नाही आणि तीन जिल्हे झाले. जालन्याच्या मुलांना औरंगाबादखाली शोधावं लागतं, जालना १९८१ चा, सिंधुदुर्गच्या मुलांना रत्नागिरीखाली. तुमच्या तालुक्याचा असा एक तक्ता बनवून मुलांना झेरॉक्स द्या, एवढा एक कागद त्यांचे दोन दिवस वाचवतो. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथनांचा चौथा नियम १९३१ चा आहे, पण अशा वेळी खरा वाटतो.

आता कॉम्प्युटर चालू करायचे. फक्त चार गोष्टी शिकवा, जास्त नको. अवतरण चिन्हांत टाकलं की नेमकी तीच शब्दजोडी येते. वजा चिन्ह लावलं की नको ते जातं (सिनेमाचं नाव मधे मधे येत असेल तर फार कामाचं). साइट हा शब्द इंग्रजीत, लगेच कोलन, आणि स्पेस न देता जीओव्ही डॉट इन टाकलं की फक्त सरकारी पानं. तसंच फाइलटाइप, कोलन, पीडीएफ. मुलं हमखास कोलननंतर स्पेस देतात आणि मग "होतच नाही मॅडम" म्हणतात, तेव्हा फिरत राहा आणि आधी स्पेस बघा.

पीडीएफबद्दल पण इथंच सांगून टाका. मराठी पीडीएफ तीन जातींच्या असतात. युनिकोडमधली, जिच्यात शोधता येतं. जुन्या फॉन्टमधली, म्हणजे श्रीलिपी वगैरे, जिच्यातनं कॉपी-पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांची भेळ मिळते आणि सर्च चालत नाही. आणि स्कॅन केलेली, जी नुसता फोटो असते. दुसऱ्या-तिसऱ्या जातीसाठी फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडली किंवा पानावर मोबाइलचं लेन्स धरलं तर मजकूर बऱ्यापैकी निघतो, जोडाक्षरं तपासून घ्यायची. मुलांना हे दाखवलं की त्यांना जादू वाटते, खरं सांगायचं तर मलाही अजून वाटते.

तिसरा शनिवार: जागा

आता वेबसाइटची नावं. पण त्यातही फक्त पाच-सहा, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रश्नाचा कुठला तुकडा मिळू शकतो हे विचारूनच जायचं. मी वर्गाचे सहा गट करते, प्रत्येक गट एका जागी वीस मिनिटं शोधतो आणि मग इतरांना तीन मिनिटांत सांगतो की इथं काय आहे, काय नाही. "काय नाही" हे सांगणं सक्तीचं.

पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोश. वीस खंड आता ऑनलाइन फुकट आहेत, भाषा जरा जड पण नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, आणि नवख्या विषयातले पारिभाषिक शब्द तिथं मिळतात. आकड्यांसाठी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, ज्यात गावागावाची लोकसंख्या असते. १९७१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती, २०११ ला ११ कोटी २४ लाख. हे दोन आकडे शेजारी लिहिले की मुलांना "तेव्हा इतके लाख मजूर कामावर होते" ह्या वाक्याचं वजन कळतं.

गॅझेटिअरच्या, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाच्या, गटाला मी मुद्दाम खड्ड्यात पाडते. ते ब्रिटिशांच्या काळातलं बॉम्बे प्रेसिडेन्सीचं गॅझेटिअर उघडतात, सातारा, पुणे, सोलापूर सगळं आहे, आपलं का नाही म्हणून चिडतात. कारण आपण निजामाकडे होतो! मराठवाड्याचं ब्रिटिश मुंबईच्या गॅझेटिअरमध्ये कसं असेल, ते हैदराबाद राज्याच्या कागदांत किंवा मग महाराष्ट्र सरकारनं नंतर काढलेल्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये. ज्यानं कागद तयार केला त्याचं राज्य कुठपर्यंत होतं, हे एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढं आपोआप सुचत जातं.

चौथा गट शोधगंगावर. यूजीसीच्या २००९ च्या नियमानंतर पीएचडीचे प्रबंध तिथं येतात, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट चालवतं. मराठी प्रबंधांची नावं कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत टाकलेली असतात, त्यामुळे दोन्हीकडून शोधायचं. आणि मुलांना सांगा, प्रबंध वाचायचा नाही, आधी त्याची संदर्भसूची उघडायची, कुणीतरी पाच वर्षं घालवून केलेली यादी तुम्हाला फुकट मिळतेय. पाचवा गट इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली, कारण त्या दुष्काळावर त्यात त्याच काळात लेख आलेत, जेस्टोरवर (अभ्यासपत्रिकांचा ऑनलाइन संग्रह) फुकट अकाउंट काढून वाचता येतात. इंग्रजी बघून हा गट घाबरतो, त्यांना फक्त शीर्षक, पहिला परिच्छेद आणि तक्ते बघायला सांगा.

सहावा गट कॉम्प्युटरवर बसतच नाही. तो आमच्या रॅकवर जातो आणि नंतर गावातल्या अ वर्ग वाचनालयात, जिथं जुन्या पेपरच्या बांधीव फायली माळ्यावर आहेत. आधी फोन करून परवानगी घेऊन ठेवा आणि मुलांना तोंडाला रुमाल बांधायला सांगा. एका वर्षी ह्या गटाला एक जाहिरात सापडली, बातमी नाही, जाहिरात, सार्वजनिक बांधकाम खात्याची खडीच्या कामाची निविदा, रस्त्याच्या नावासकट. तो रस्ता त्यातल्या एकाच्या शेतावरून जातो. बाकीचे पाच गट दीड तास तेच बघत बसले, माझं वेळापत्रक कोलमडलं.

जाता जाता माहितीचा अधिकार पण सांगा, २००५ चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा. चार शनिवारांत उत्तर येणार नाही, पण प्रोजेक्ट सहा महिन्यांचा असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकता येतो.

चौथा शनिवार: खरं का, आणि कुठून घेतलं

सुरुवातीला एक फॉरवर्ड दाखवा. युनेस्कोनं आपल्या राष्ट्रगीताला जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलं, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि खोटा आहे. मुलांना विचारा, कसं तपासाल? ती मेसेजकडेच निरखून बघतात, स्पेलिंग बरोबर आहे, लोगो आहे, म्हणजे खरा असेल. इथं स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांचा अभ्यास सांगण्यासारखा आहे. १० इतिहासकार, १० फॅक्टचेकर आणि २५ विद्यार्थी घेऊन त्यांनी बघितलं की वेबसाइट खरी-खोटी कोण कसं ठरवतं. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वरून खाली वाचत बसले आणि बरेच फसले. फॅक्टचेकरनी पान जवळजवळ लगेच सोडलं, नवीन टॅब उघडले आणि ह्या साइटबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघितलं. मी ह्याला आडवं वाचन म्हणते. लग्नाचं स्थळ आलं तर आपण बायोडाटा दहा वेळा वाचतो का? नाही, त्यांच्या गावात फोन लावतो. हे म्हटलं की पुढं काही समजवावं लागत नाही.

मग एआय. बंदी घालून उपयोग नाही, ती वापरणारच आहेत. प्रत्येक जोडीनं चॅटबॉटला विचारायचं, "१९७२ च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळावरची पाच मराठी पुस्तकं लेखक, प्रकाशक आणि वर्षासकट सांग". उत्तर झोकात येतं. मग एकेक पुस्तक ओपॅकमध्ये, गूगल बुक्समध्ये आणि प्रकाशकाच्या यादीत शोधायचं. एका जोडीची पाचपैकी तीन पुस्तकं कुठंच सापडेनात, चौथं होतं पण लेखक दुसराच. पोरगा म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्या मामासारखं आहे, माहीत नसलं तरी पत्ता सांगतो." मी हे वाक्य आता दर वर्षी वापरते.

नंतर संदर्भ लिहिणं. एपीए, एमएलएच्या जंजाळात शिरू नका, गाइड जी पद्धत सांगतील ती. तुम्ही फक्त सवय लावा, की वाक्य वहीत उतरवतानाच शेजारी लेखक, नाव, वर्ष, पान लिहायचं आणि दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर त्याच क्षणी अवतरण चिन्हं घालायची, नंतर घालीन म्हटलं की आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं हे आठवत नाही. आजीची मुलाखत हाही संदर्भ आहे, तारीख आणि गाव लिहून. आणि आजीचं म्हणणं कागदाशी जुळलं नाही तर कोणीतरी खोटं बोलतंय असं लगेच ठरवायचं नाही. एका आजीनं सांगितलं की रोजगार हमीच्या कामावर होते. पण रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला १९७९ मध्ये. दुष्काळातली सरकारी कामं, योजना आणि नंतरचा कायदा हे सगळं लोकांच्या आठवणीत एका नावाखाली गेलंय. हे दोन्ही लिहायचं, तिचा शब्द आणि कागदाची तारीख, आणि मधे आपण काय समजलो ते.

शेवटच्या वीस मिनिटांत पुन्हा तीच पहिल्या दिवशीची चाचणी, तोच प्रश्न, कोरा कागद. मग कपाटातला जुना कागद परत द्या. दोन्ही शेजारी ठेवून मुलं स्वतःच हसतात. नॅकला पुरावा हवा असेल तर ह्या दोन कागदांची झेरॉक्स लावा, "उत्कृष्ट"वाल्या फॉर्मपेक्षा बरी.

किरकोळ पण रडवणाऱ्या गोष्टी

नेट जाणारच आहे. विश्वकोशातलं एक पान, जनगणनेची एक पुस्तिका, एक प्रबंध, एक गॅझेटिअरचं प्रकरण असं सगळं पेन ड्राइव्हवर आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर आदल्या दिवशी टाकून ठेवा. अकाउंट काढायचे असतील तर आधीच काढून घ्या, चोवीस जणांचे ओटीपी एकाच वेळी येत नाहीत आणि निम्म्यांचा नंबर वडिलांकडे असतो. मराठी टायपिंग येत नाही म्हणून मुलं रोमनमध्ये शोधतात, म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड चालू आहे का ते बघा, किंवा मोबाइलवर बोलून टाइप करू द्या.

शनिवारची शेवटची एसटी किती वाजता आहे हे विचारून वेळ ठरवा, खेड्यावरनं येणाऱ्या मुली चार वाजता दाराकडे बघायला लागतात आणि मग तुम्ही काहीही शिकवा. खर्च म्हणाल तर वह्या, झेरॉक्स आणि चहा, बाहेरचा वक्ता बोलावू नका, त्याचा सत्कार आणि प्रास्ताविक यात पाऊण तास जातो.

मार्क द्यायचेच असतील तर डायरीला द्या, रिपोर्टला नको. मी बघते ते एवढंच की शब्द बदलत गेले का, अडल्यावर जागा बदलली का, आणि "काही मिळालं नाही"च्या पुढच्या रकान्यात काहीतरी लिहिलंय का.

मालिका संपल्यावर दर गुरुवारी तीन ते चार मी काउंटरमागं खुर्ची टाकून बसते, डायरी घेऊन आलात तरच मदत, नुसतं तोंडानं विचारलं तर नाही. पहिले दोन गुरुवार कोणी येत नाही. तिसऱ्यापासून येतात, आणि "गूगलवर काय टाकू"च्या ऐवजी वही पुढं सरकवून म्हणतात, "मॅडम, हे तीन शब्द टाकून झाले, चौथा सुचत नाहीये."